बोट मोडलंय असं वाटतं तेव्हा: कॅज्युअल्टीतल्या पहिल्या तासासाठी

‘बोटच हाय नव्हं, मॅडम. पट्टी मारा, जातो.’ कोल्हापुरात कॅज्युअल्टीची ड्युटी केलेल्या प्रत्येकानं हे वाक्य ऐकलेलं असतं. म्हणणारा कधी तालमीतला पोरगा असतो, कधी शिरोली एमआयडीसीतला प्रेसवरचा कामगार, कधी गुऱ्हाळावरचा माणूस. शेजारच्या खाटेवर छातीत दुखणारा पेशंट असतो, हायवेवरच्या अपघाताची केस असते, त्यामुळे बोट रांगेत मागं जातं. ते बरोबरच आहे. पण पाळी आल्यावर आपणही मनातून ‘बोटच आहे’ म्हणत बघतो, आणि तिथं त्या माणसाचं नुकसान होतं.

ग्रामीण रुग्णालयात किंवा छोट्या नर्सिंग होममध्ये एकट्यानं रात्रपाळी काढणाऱ्या तरुण डॉक्टरांसाठी, इंटर्नसाठी हे लिहिते आहे. बोटाचं निम्मं निदान मूठ वळवून बघण्यात होतं, एक्स-रेची फिल्म त्यानंतर येते, हे मला तुम्हाला पटवायचं आहे. मी ते चूक करून शिकले. नवीन असताना एक पैलवान आला होता. मधला सांधा सुजलेला, एक्स-रे स्वच्छ. ‘फ्रॅक्चर नाही’ म्हणून मी दुखण्याची गोळी देऊन पाठवलं. पाच आठवड्यांनी तो परत आला तेव्हा बोट मधल्या सांध्यात वाकून बसलं होतं आणि टोक वर उचललं होतं. सांध्यावरून जाणारा टेंडनचा (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोराचा) मधला पट्टा पहिल्याच दिवशी तुटला होता. टेबलाच्या कडेवर बोट वाकवून बघायला मला अर्धं मिनिट लागलं असतं.

शब्दांचं आधी ठरवून घेऊ. उसाला पेरं असतात तशीच बोटाला. टोकाचं पेर, मधलं पेर, बुडाचं पेर, अंगठ्याला दोनच. सांधे तीन: नखाजवळचा, मधला आणि मुठीत गाठीसारखा वर येणारा बुडाचा.

सगळ्यात आधी अंगठी

नाव-पत्ता लिहायच्या आधी अंगठी काढा. सूज तासाभरात वाढते, आणि अंगठीखाली बोट काळंनिळं पडायला लागलं की मग धावपळ होते. हात वर धरायला लावा, साबण किंवा जेली लावून फिरवत काढून बघा. न निघाल्यास दोऱ्याची युक्ती: जाड दोऱ्याचं एक टोक बारीक चिमट्यानं अंगठीखालून तळहाताकडे काढून घ्या. उरलेला दोरा अंगठीला लागूनच नखाच्या दिशेनं घट्ट, वेढ्याला वेढा चिकटवत, मधल्या सांध्याच्या पुढेपर्यंत गुंडाळा. आता तळहाताकडचं टोक ओढत दोरा उलगडत जा. अंगठी वेढ्यांवरून सरकत येते.

बोट वाकडं दिसत असेल किंवा जखम उघडी असेल, तर हा खटाटोप नको, सरळ कटर घ्या. पात्याखालचं संरक्षण तळहाताच्या बाजूनं घाला, कापताना थेंबथेंब सलाईन सोडा, कारण धातू तापतो. सोनं, चांदी, तांबं सहज कापलं जातं. टंगस्टनची अंगठी कापली जात नाही, लॉकिंग प्लायरनं दाबून तडकवावी लागते. कापण्याआधी विचारायला विसरू नका. लग्नातली किंवा आजीची अंगठी असू शकते, आणि दोन वाक्यं बोललं की माणूस स्वतःच म्हणतो, ‘कापा.’

कसं लागलं, आणि नंतर कुणी ओढलं का

कसं लागलं यावरून काय तुटलं असेल याचा अंदाज येतो. चेंडू सरळ टोकावर बसला आणि नखाजवळचा सांधा लोंबतोय, तर सरळ करणारं टेंडन सुटलेलं. कुस्तीत समोरच्याच्या लंगोटात बोट अडकलं, हिसका बसला आणि आता टोक वाकत नाही, तर वाकवणारं खोल टेंडन हाडापासून उपटलेलं. हे बहुधा अनामिकेत होतं. एक्स-रे यात अनेकदा स्वच्छ असतो, आणि टेंडन परत जोडायला हाताशी आठ-दहा दिवसच असतात. म्हशीचं दावं हाताला गुंडाळलेलं असताना म्हैस उधळली, तर कातडी मोज्यासारखी सोलून निघते. हाड जागेवर दिसलं तरी रक्तपुरवठा गेलेला असू शकतो. उसाच्या चरकात गेलेला हात पहिल्या तासात दिसतो त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी जास्त वाईट दिसतो. तो घरी पाठवायचा नसतो.

मारामारीची केस असेल आणि मुठीच्या गाठीवर छोटी चीर असेल, तर ती समोरच्याच्या दाताची आहे असंच धरा, पेशंट काहीही सांगो. ‘काचेनं कापलं’ असं सांगणारे बरेच असतात. मूठ वळवून बघा. चीर सांध्याच्या बरोबर वर येते. ती शिवायची नाही.

उद्यमनगरच्या वर्कशॉपमधून येणारी अजून एक फसवी जखम: ग्रीस गन किंवा हायड्रॉलिक पाइपचा फवारा बोटावर बसलेला, टाचणीएवढं भोक, दुखणं फार नाही. आत तेल टेंडनच्या नळीतून तळहातापर्यंत गेलेलं असतं. याला त्याच दिवशी ऑपरेशन लागतं, थांबायचं नसतं.

आणि एक प्रश्न इथं हमखास विचारा: ‘इथं यायच्या आधी कुणी ओढून बसवलं का?’ तालमीत वस्ताद, गावात हाड बसवणारे, मैदानावर सोबतचा खेळाडू, कुणीतरी निखळलेला सांधा जागेवर आणलेला असतो. आवाज चढवून विचारलंत तर पेशंट ‘नाही’ म्हणेल. साध्या आवाजात विचारलंत तर ‘हां, वस्तादांनी वडून बसिवलं, कटकन आवाज आला’ असं नेमकं वर्णन मिळतं. सांधा निखळून परत बसला होता, म्हणजे एक्स-रे स्वच्छ आला तरी त्याभोवतीचे, सांधा धरून ठेवणारे पट्टे (लिगामेंट) फाटलेले असणार, हे तुम्हाला तिथंच कळलं.

बाकीचं पटकन: किती वाजता लागलं, कामाचा हात कोणता, काम काय, मधुमेह, तंबाखू, औषधाची ॲलर्जी, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं. कारखान्यातली इजा किंवा मारहाण असेल तर एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या कायदेशीर केसची) नोंद लगेच करा. कामगाराच्या ईएसआयच्या (कामगार राज्य विम्याच्या) कागदांना पुढे तुमच्या याच नोंदीचा आधार लागतो.

मूठ

दोन्ही हात उशीवर ठेवायला सांगा आणि आधी न हात लावता बघा: सूज, रंग, नखाखाली रक्त, जखम. मग एकेक बोट वाकवायला सांगा. सरळ बोटात न दिसणारा पीळ वाकवल्यावर दिसतो. वाकलेलं प्रत्येक बोट मनगटाच्या अंगठ्याकडच्या उंचवट्याच्या दिशेनं जायला हवं. एखादं शेजारच्या बोटावर चढत असेल, कात्रीसारखं, तर हाडात पीळ आहे. थोडा वाकडेपणा निसर्गानंच काहींना दिलेला असतो, म्हणून दुसऱ्या हाताची मूठ शेजारी ठेवून बघा. दुखण्यानं मूठ होत नसेल तर पेशंटचं मनगट हलकेच मागं झुकवा. बोटं आपोआप मिटू लागतात. नखं समोरून, टोकाकडून बघा. ती एका ओळीत आहेत का?

पीळ हा बोटाच्या फ्रॅक्चरमधला असा दोष आहे जो वाढत्या वयाच्या मुलातही आपोआप सुधारत नाही. दहा अंशांपर्यंतचा साधा वाक सहसा चालून जातो, पीळ अजिबात चालत नाही. त्या हातानं पुढं पाना नीट धरता येत नाही, भाकरी थापता येत नाही.

मग टेंडन, एकेक करून. मधला सांधा सरळ धरून टोक वाकवायला सांगा. वाकलं तर खोल टेंडन शाबूत. बाकीची बोटं सरळ दाबून धरून हे एकच बोट मधल्या सांध्यात वाकवायला सांगा. वाकलं तर वरचं टेंडन शाबूत. टोक स्वतःच्या जोरावर सरळ होतं का बघा.

आणि ती अर्ध्या मिनिटाची तपासणी: बोट टेबलाच्या कडेवर ठेवून मधल्या सांध्यात ९० अंश वाकवा. मधल्या पेरावर आपलं बोट ठेवा आणि पेशंटला बोट सरळ करायला सांगा. पट्टा शाबूत असेल तर तुमच्या बोटाखाली जोर जाणवतो आणि टोकाचा सांधा लुळा राहतो. पट्टा तुटला असेल तर मधल्या सांध्यात जोर येत नाही, उलट टोक ताठ होतं. खूप दुखत असेल तर बोट बधिर केल्यावर परत करा. तरी शंका राहिली तर पट्टा तुटलाय असं समजून स्प्लिंट (बोट एका स्थितीत धरणारा कडक आधार) लावा आणि आठवड्यात परत तपासा.

संवेदना मात्र बधिर करायच्या आधी. नंतर आठवलं तर उपयोग नाही, आणि नस आधी कापली होती की तुमच्या सुईनं गेली हा प्रश्न कायम राहतो. बोटाच्या दोन्ही कडांना वेगवेगळं तपासा. पेपरक्लिप उघडून दोन टोकं ५-६ मिलिमीटरवर ठेवा. बोटाच्या टोकाला ती दोन वेगळी जाणवायला हवीत. लहान मुलाला हे सांगता येत नाही. त्याचं बोट थोडा वेळ कोमट पाण्यात धरा: नस शाबूत असेल तर कातडीला सुरकुत्या पडतात. नखाचं टोक दाबून सोडा, २ सेकंदांत लाली परत यावी.

बोट बधिर करणं

साध्या लिग्नोकेनची (बधिर करायच्या औषधाची) मर्यादा मी किलोमागे ३ मिलिग्रॅम धरते. ६० किलोच्या माणसाला १८० मिलिग्रॅम, म्हणजे २ टक्क्यांचं ९ मिली. बोटाला ३-४ मिली पुरतं, म्हणून मोठ्यांत काळजी नाही. १५ किलोच्या मुलाला मात्र ४५ मिलिग्रॅमच, म्हणजे २ टक्क्यांचं सव्वादोन मिली. तिथं १ टक्क्याचं वापरा. बोटाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना, पाठीकडून, बारीक सुईनं सावकाश द्या. किंवा तळहाताच्या बाजूनं बुडाच्या घडीवर मधोमध, कातडीखाली एकच टोचणी २-३ मिलीची. मला ही दुसरी पद्धत आवडते. एकदाच टोचावं लागतं, पोरं कमी रडतात. मग खरोखर दहा मिनिटं थांबा. आपण औषध देतो आणि लगेच कामाला लागतो, पेशंट ओरडतो, आणि ‘भूल लागत नाही याला’ असं आपणच म्हणतो.

रक्त थांबवायला ग्लोव्हचं बोट कापून गुंडाळत असाल तर त्याला आर्टरी फोर्सेप लावूनच ठेवा आणि वेळ लिहा. ड्रेसिंगखाली विसरलेल्या रबराच्या कड्यानं बोट गेल्याच्या गोष्टी खऱ्या आहेत.

एक्स-रेची चिठ्ठी

‘उजवा हात, एपी-ऑब्लिक’ असं लिहिलंत तर बोटं एकमेकांवर येतील आणि फ्रॅक्चर लपेल. ‘उजवी अनामिका, तीन व्ह्यू, बाकीची बोटं मिटून फक्त या बोटाचा लॅटरल’ असं लिहा (एपी म्हणजे समोरून, ऑब्लिक तिरका, लॅटरल कडेनं). तंत्रज्ञ रात्री तीनला कंटाळलेले असतात. स्वतः बरोबर जाऊन बोट धरून दाखवलं तर ते आनंदानं करतात. लॅटरलमध्ये सांध्याचे दोन्ही पृष्ठभाग समांतर आहेत का बघा. मधल्या सांध्याच्या पाठीकडे व्ही अक्षरासारखी फट दिसली तर सांधा अजून पूर्ण बसलेला नाही.

दारात बोट सापडलेल्या मुलात एक गोष्ट जाणून शोधा. टोक वाकलेलं, नखाचं बूड कातडीच्या वर आलेलं, कडेला रक्त. लोंबतं टोक समजून स्प्लिंट लावू नका. ते वाढीच्या पट्टीतून झालेलं उघडं फ्रॅक्चर असतं, त्यात नखाखालची गादी अडकलेली असते. न धुता ठेवलं तर हाडात पू होतो. त्याला ऑपरेशन थिएटर आणि अँटिबायोटिक लागतं.

पेरानुसार उपचार

टोकाच्या पेराचं चेचलेलं हाड स्वतः जुळतं, काळजी वरच्या मांसाची. नखाखाली रक्त साकळून ठणकत असेल आणि नख व कडा शाबूत असतील, तर १८ नंबरची सुई नखावर उभी धरून दोन बोटांत फिरवत भोक पाडा. रक्त येतं आणि पेशंटचा चेहरा तिथंच बदलतो. रक्त कितीही साकळलेलं असो, नख उपटायची गरज नसते. नख फाटलं किंवा उखडलं असेल तर मात्र खालची गादी ६-० विरघळणाऱ्या धाग्यानं शिवावी लागते. मग टोकाला २-३ आठवडे स्प्लिंट, मधला सांधा मोकळा.

लोंबत्या टोकाला नखाजवळचा सांधा सरळ ठेवून ६ ते ८ आठवडे सलग स्प्लिंट. ‘सलग’ म्हणजे अंघोळीतही. स्प्लिंट बदलताना बोट टेबलावर टेकवून ठेवायचं. एकदा जरी टोक खाली पडलं तरी मोजणी पहिल्या दिवसापासून. हे पेशंटच्या घरच्यांनाही सांगा, कारण चौथ्या आठवड्यात ‘बरं झालंय’ म्हणून स्प्लिंट काढून ठेवला जातो. मधला पट्टा तुटलेल्यालाही तेवढीच शिस्त, फक्त मधला सांधा सरळ आणि टोक मोकळं हलतं, ६ आठवडे.

मधलं आणि बुडाचं पेर: फ्रॅक्चर न हललेलं, पीळ नसलेलं असेल तर शेजारच्या बोटाला बांधा. दोघांच्या मधे गॉझ ठेवा, नाहीतर घामानं कातडी सडते. सांध्यांवर पट्टी नको, पेरांवर लावा. आणि हलवायला सांगा. लोकांना आणि आपल्यालाही वाटतं, जितकं घट्ट तितकं चांगलं. बोटाच्या बाबतीत हे चुकीचं आहे. पेराचं हाड ३-४ आठवड्यांत पकडतं, एक्स-रेवर रेघ काही महिने दिसत राहिली तरी. त्यापुढं बांधून ठेवलं तर ताठरपणा बसतो, आणि तो फ्रॅक्चरपेक्षा जास्त दिवस पिडतो.

बुडाचं पेर हललं असेल तर मोडलेली जागा तळहाताकडे फुगलेली असते. बधिर केल्यावर बुडाचा सांधा ९० अंश वाकवा, बोट लांबीत ओढा, ओढ न सोडता फुगलेली जागा तळहाताकडून वर दाबा. मग परत मूठ, परत पीळ बघा, परत एक्स-रे. स्प्लिंट लावताना मनगट किंचित मागं, बुडाचे सांधे ७० ते ९० अंश वाकलेले, पुढचे दोन्ही सरळ. हात सपाट पाटीवर बांधायची जुनी सवय सोडून द्या. त्या स्थितीत बुडाच्या सांध्याचे पट्टे आखडतात.

मधला सांधा पाठीकडे निखळला असेल तर शक्यतो एक्स-रे आधी. बोट पांढरं पडत असेल तर आधी बसवा. हलकी ओढ, थोडं अजून मागं, मग मधल्या पेराचं बूड पुढे ढकलत वाकवा. नुसतं जोरानं ओढू नका. दोनदा बसलं नाही तर मधे काहीतरी अडकलंय, थांबा आणि पाठवा. बसल्यावर भूल असतानाच पेशंटला स्वतः वाकवायला आणि सरळ करायला सांगा. सरळ करताना परत सुटत असेल तर पाठीकडून २०-३० अंश वाकवलेला स्प्लिंट, नाहीतर शेजारच्या बोटाला बांधणं पुरतं.

उघडं फ्रॅक्चर

आखाड्यातली तांबडी माती, शेण, उसाचा चिपाड, भट्टीची वाळू. जे असेल ते बाहेर काढणं हाच मुख्य उपचार. बधिर करून भरपूर सलाईननं धुवा, गॉझनं पुसा, परत धुवा. सेफाझोलिन हे अँटिबायोटिक शिरेतून, मोठ्या माणसाला साधारण २ ग्रॅम, शक्य तितक्या लवकर; शेणामातीची जखम असेल तर तुमच्या रुग्णालयाच्या पद्धतीप्रमाणे जास्त व्यापक औषध. टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस) ०.५ मिली, पूर्वीचे डोस झालेले नसतील किंवा माहीत नसतील आणि जखम मळलेली असेल, तर दुसऱ्या हाताला टेटनस इम्युनोग्लोब्युलिन २५० युनिट.

बोट तुटून वेगळं झालं असेल तर तुकडा सलाईनमध्ये भिजवून पिळलेल्या गॉझमध्ये, तो प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, ती पिशवी बर्फ-पाण्यात. थेट बर्फावर कधीच नाही. थंड ठेवलेलं बोट साधारण २४ तास, न ठेवलेलं १२ तास जोडण्याजोगं राहतं. अंगठा, एकापेक्षा जास्त बोटं, किंवा लहान मूल असेल तर प्लास्टिक सर्जनशी बोलल्याशिवाय ‘जुळणार नाही’ म्हणू नका. आधी फोन करा, फोटो पाठवा. कोल्हापुरात सोय झाली तर उत्तम. पुणे हायवेनं सुमारे २३० किलोमीटर, तेव्हा तिकडं पाठवायचं तर निर्णय पहिल्या अर्ध्या तासात व्हायला हवा. चेचलेला तुकडाही फेकू नका, त्याची कातडी दुसरीकडे कामाला येते.

हाताच्या किंवा हाडांच्या सर्जनकडे कुणाला पाठवायचं? पीळ असलेला, तिरकं किंवा तुकडे झालेलं फ्रॅक्चर असलेला, सांध्याच्या पृष्ठभागाचा तिसरा हिस्सा गेलेला, टेंडन किंवा नस कापलेला, बसवल्यावर न टिकणारा, आणि दोन्ही बाजूंना ओढल्यावर अंगठ्याचा बुडाचा सांधा एकीकडे उघडणारा. सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात) किंवा अन्यत्र पाठवताना चिठ्ठीवर संवेदना आणि टेंडनची स्थिती, किती वाजता बघितली ते लिहा. पुढच्या डॉक्टरला त्याइतकं उपयोगी काहीच नसतं.

घरी पाठवताना

हात छातीच्या वर, रात्री उशीवर. बाकीची बोटं, कोपर, खांदा हलवत राहायचं. बोट पांढरं-निळं पडलं, बधिरपणा वाढला, पट्टीतून वास आला, ताप आला तर रात्री-अपरात्री परत यायचं. उघडी जखम दोन दिवसांत बघायची. मालिश नको, गरम लेप नको. हे रागावून सांगू नका, ‘सूज वाढते आणि हाड सरकतं’ असं कारण देऊन सांगा.

सात ते दहा दिवसांनी परत बोलवा आणि परत एक्स-रे काढा, कारण याच आठवड्यात हाड गुपचूप सरकतं. ऊस तोडणीच्या, गुऱ्हाळाच्या दिवसांत लोक येत नाहीत, रोज बुडतो. म्हणून तारीख देताना त्यांना कोणता वार सोयीचा ते विचारून घ्या, आणि कार्डावर मराठीत मोठ्या अक्षरात लिहा: ‘सोमवारी या. पट्टी सोडून मूठ बघायची आहे.’